पाय धुण्याचा गुरुवार

"जिच्याविषयी मनात अढी असेल, तिचे पाय आधी धुवा," पाळकसाहेब म्हणाले. शुभ शुक्रवारच्या आदल्या दिवशी आमच्या मंडळीत बायका बायकांचे पाय धुतात. दरवर्षी मी दुसऱ्याच बाकाकडे वळायचे. या खेपेला घमेलं उचललं आणि थोरल्या जाऊबाईंपुढे गुडघे टेकले.

"आजी आता कुणाला ओळखत नाहीत हं," त्यांची नातसून कुजबुजली.

माझा लेक शमुवेल तापाने फणफणला, तेव्हा मिशनच्या दवाखान्यात न्यायला मी याच जाऊबाईंकडे बैलगाडी मागितली होती. "बैलं दमलीत, सकाळी बघू," म्हणत त्यांनी दार लावून घेतलं. सकाळी त्याच गाडीतून आम्ही त्याला कबरस्तानात नेलं. 'चुकलं माझं' एवढं त्यांच्या तोंडून ऐकायला मी जन्मभर थांबले. त्या म्हणाल्या असत्या, तर मी क्षमा केलीही असती.

भेगाळलेल्या टाचांवर मी कोमट पाणी ओतलं. जाऊबाईंनी सुखाने डोळे मिटले.

"किती मायेनं धुतेस गं! कुणाची तू?"

"मी तुमची धाकटी जाऊ. ओळखलंत?"

"असशील बाई. लेकरं किती तुला?"

मी दुसरा पाय घमेल्यात घेतला. "एकच होता, जाऊबाई. गेला."

"अगं बाई!" त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. माझ्या पांढऱ्या डोक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "रडू नकोस. देव दुसरा देईल हो. त्याच्यावर विश्वास ठेव."