बोटं बोलतात

आमच्या साहेबांना शास्त्राचा भारी पुळका. नव्याने भरती झालेल्या पोलिसांना त्यांनी आमच्या प्रयोगशाळेत उभं केलं आणि पोटावरचा पट्टा सावरत बोटांच्या ठशांचा इतिहास सांगायला घेतला.

"पूर्वी कबुली काठीने काढायचे. रानटी लोक! मग हे शास्त्र आलं. आता आरोपीने तोंड नाही उघडलं तरी चालतं, त्याची बोटं बोलतात."

टाळ्या पडल्या. साहेब असे फुलले, जणू हे शास्त्र त्यांनीच घरी बसून शोधलं होतं.

मग प्रात्यक्षिकासाठी चोरीच्या संशयावरून कोठडीत टाकलेल्या एका किल्लीवाल्याला आणलं. फोडलेल्या तिजोरीवरचा ठसा माझ्याकडे होताच, तो त्याच्या ठशांशी ताडून पाहायचा होता. मी शाई लावून त्याचं बोट कागदावर टेकवलं.

"ताई, जरा हळू," तो कळवळला.

दहाही बोटं सुजून टम्म झाली होती. कागदावर एकही रेष दिसेना, नुसते काळे डाग.

"साहेब, याचे ठसेच उठत नाहीयेत," मी म्हणाले.

साहेबांनी घड्याळात पाहिलं.



"मग राहू द्या, मॅडम. तसंही सकाळीच कबूल झालाय तो."