पुलावरची उडी

सुनेचा हात धरून शालनताई कोल्हापूरच्या त्या थिएटरात शिरल्या, तेव्हा त्यांच्या दोन सोडल्या तर एकही खुर्ची रिकामी नव्हती. सिनेमा ऐंशीच्या दशकातला, मारधाडीचा. बघायला आलेली निम्मी पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती, तरी प्रत्येक संवाद पडद्याच्या आधी म्हणत होती.

याच सिनेमात नायिकेच्या जागी पुलावरून नदीत घोडा घातला होता तो शालनताईंनी. त्या उडीत कंबर मोडली, ते काठावर आल्यावर कळलं, आणि सिनेमातलं काम कायमचं सुटलं. नंतर तो सिनेमा बघायचा त्यांना धीरच झाला नव्हता.

पडद्यावर पूल आला. शिट्ट्या थांबल्या. शालनताईंनी डोळे मिटून घेतले.

शेजारची कॉलेजातली मुलगी हळूच म्हणाली, "आजी, घाबरू नका. तिला काही होत नाही."

त्यांनी डोळे उघडले. घोडा हवेत झेपावला होता. पाण्याचा केवढा तरी लोट उसळला आणि त्यातून ती घोड्यासकट वर आली, ओले केस झटकत, ताठ. अख्खं थिएटर उभं राहून ओरडू लागलं.

शालनताईही कधी उठून उभ्या राहिल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"काय पोरगी हाय गं!" त्या म्हणाल्या.