पेच्चियम्माळचं दुसरं लग्न

इसक्कीने लाथ मारून फाटक उघडलं, तेव्हा तवसी अंगणात ताडगोळे सोलत बसला होता आणि शेजारी बसलेली इसक्कीची आई, पेच्चियम्माळ, हसत होती. तिच्या पांढऱ्या केसांत मोगऱ्याचा गजरा होता. गळ्यात नवी ताली, मंगळसूत्राचा दोरा हळदीने पिवळाधमक.

इसक्की तिरुप्पूरच्या गिरणीतून तडक बस पकडून गावी आला होता. काखेत टॉवेलात गुंडाळलेला कोयता.

“सगळा गाव थुंकतोय माझ्यावर,” तो ओरडला. “माझ्या अप्पाला ज्याने कापलं, त्याच्याच हातून ताली बांधून घेतलीस? या वयात?”

“आधी पाणी पी, राजा,” आई उठली. “लांबून आलायस.”

“नको मला तुमच्या घरचं पाणी!”

त्याला लख्ख आठवत होतं. आठ वर्षांचा होता तो. भर दुपार. अप्पा जमिनीवर निपचित. अम्मा कोपऱ्यात, तिचा हात कोपरातून भलतीकडेच वळलेला. आणि मधोमध शेजारचा तवसी, रक्ताने माखलेला कोयता घेऊन उभा. मग अम्माने इसक्कीला विहिरीवर नेऊन, त्या मोडक्या हातानेच, बादल्यांवर बादल्या ओतल्या होत्या अंगावर. पोलीस आले. तवसीने कोर्टात एका शब्दानेही नाकारलं नाही. जन्मठेप भोगून आला.

“अप्पा मारायचे तुला, ठाऊक आहे. पण बाप होते माझे!”

पेच्चियम्माळने पदर सावरला. “तुरुंगात आधी मी नुसती घरी तळलेली मुरुक्कू द्यायला जायचे. एकदा मुरुक्कू घरीच विसरले, तरी गेले. एवढंच झालं बघ.”

“खुन्याला मुरुक्कू!”

टॉवेल गळून पडला. पहिला घाव तवसीच्या खांद्यात रुतला. दुसरा त्याने तळहातावर झेलला, दोन बोटं लोंबू लागली. ताडावर चढून घडलेला माणूस. मनात आणलं असतं तर पोराला एका हाताने उचलून फेकलं असतं. पण तो जागचा हललाही नाही. रक्त कोपरावरून लाल वाळूत ठिबकत होतं.

“पेच्ची, तू गप्प राहा,” तो कसाबसा म्हणाला. “माझी शपथ आहे तुला.”

“अजून शपथा घालतोस माझ्या आईला?” इसक्कीने त्याच्या छातीत लाथ घातली. तवसी आडवा झाला. पेच्चियम्माळ मध्ये पडली, तर इसक्कीने तिलाही ढकलून दिलं. ती तोंडावर आपटली, ओठ फुटला. तशीच सरपटत आली आणि तिने लेकाच्या पायांना मिठी मारली.

कोयता तिसऱ्यांदा वर गेला.

“मोडते मी तुमची शपथ,” ती तवसीला म्हणाली. मग मान वर करून तिने लेकाकडे पाहिलं.

“त्या दुपारी कोयता ह्यांच्या हातात बघितलास ना तू? तो ह्यांनी तुझ्या हातातून काढून घेतला होता, बाळा.”