चौथ्या पायाचा शेरा

“शेरा राहील,” साहेब म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. म्हणजे विषय संपला.

स्क्रीनवाल्या बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फर्निचरच्या सुट्या भागांच्या या गोदामात ती तीन महिने ठाण मांडून बसली होती. इथला प्रोग्राम पंचवीस वर्षांचा. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउस नाही, चित्र नाही. एका स्क्रीनवर चोवीस ओळी, बस्स. तेवढ्यातच तिने त्याला माणसांत आणलं होतं. पूर्वी तो ‘न. सं.?’ असं नुसता गुरगुरायचा. आता ‘किती नग पाठवायचे?’ असं नीट विचारायचा. कुठलं बटण दाबलं की काय होतं, ते खाली लिहिलेलं. काही पुसण्याआधी ‘नक्की ना?’ अशी विचारणा. आणि भोवती ठिपक्यांची नाजूक चौकट. ती तिची खास लाडकी.

पॅकिंगच्या बायका म्हणाल्या होत्या, “आता कसं, घरच्यासारखं बोलतंय.”

फक्त ‘शेरा’ नावाचा एका ओळीचा रकाना काही मावत नव्हता. चौकट ठेवायची तर शेरा जाणार. नवी स्क्रीन उद्यापासून सुरू व्हायची होती, आणि साहेबांची सही झाली नाही तर तीन महिने पाण्यात.

“साहेब, शेरा कोणी भरतच नाही.”

“सवय आहे लोकांना.”

“न भरण्याची?”

साहेबांनी पुढचा कागद ओढला. ते बोलण्यातले नव्हतेच. ते सूचना लावण्यातले होते. ‘नळ बंद करावा. कळावे.’ ‘मोबाइल गेटवर जमा करावा. कळावे.’ कोणाच्या तरी वाढदिवसाच्या कार्डावरही म्हणे त्यांनी ‘शुभेच्छा. कळावे.’ असं लिहिलं होतं.

ती पुरावा आणायला गेली. नऊ हजार वस्तूंमधून शेरा भरलेल्या तेवढ्या शोधल्या. एकच निघाली. ‘तीन पायांच्या स्टुलाचा चौथा पाय.’ कोणे एके काळी कोणीतरी चुकून नोंदलेला आणि कोणीच न काढलेला. शिल्लक शून्य, मागणी शून्य. तरी आज सकाळपासून ही नोंद एकोणीस वेळा उघडली गेली होती.

आता सापडले साहेब, असं म्हणत तिने ती उघडली.

‘अगं, आईचा फोन. दोन पावलं टाकली.’

तिला वाटलं, प्रोग्राम बिघडला. तिने पुन्हा बटण दाबलं. मजकूर बदलला होता.

‘कुठून कुठे?’

ती दाबत राहिली.

‘पलंग ते खुर्ची. मग धपकन बसली.’

‘रडली?’

‘छे. आई रडली.’

ती उठून उभी राहिली. गोदामाच्या या टोकाला पॅकिंगच्या टेबलाशी, बाळंतपणाच्या रजेवरून पाच महिन्यांपूर्वी परतलेली पोरगी हातात चिकटपट्टी घेऊन स्क्रीनकडे बघत एकटीच हसत होती. त्या टोकाला गेटच्या खोलीत तिचा नवरा, येणारा माल लिहून घेणारा, खांदा आणि कान यांच्यात फोन धरून टाइप करत होता. घरून फोन येऊ शकेल असा तेवढा एकच. मधे दोनशे पावलं आणि साहेबांचा नियम.

स्क्रीनवाल्या बाईच्या मुलाची पहिली पावलं शेजारच्या काकूंनी पाहिली होती. तिला ती संध्याकाळी कळली, शिळी.

ती पुन्हा जागेवर बसली. चौकट पुसताना ‘नक्की ना?’ असं तिच्याच स्क्रीनने विचारलं. वरची पट्टी, खालची पट्टी, मधली रेघ गेली. तीन ओळी मोकळ्या झाल्या. एक गेटला, एक पॅकिंगला, म्हणजे एकमेकांचं पुसायला नको. तिसरी उरली, ती राहू दिली.

“चौकट कुठे गेली?” साहेबांनी विचारलं.

“काढली. शेरा तीन ओळींचा केलाय.”

“कशाला?”

खरं सांगावं, तर मोबाइल जमा करायला लावणाऱ्या माणसाच्या हाती ती दोघं आयती सापडणार.

“सवय आहे लोकांना,” ती म्हणाली.

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने चौथा पाय उघडला.

पहिली ओळ: ‘आई म्हणते आज सहा पावलं. बूट आणू?’

दुसरी ओळ: ‘आण. लाल.’

तिसरी रिकामी. तिने मान वर केली. काचेपलीकडे साहेब एका बोटाने एकेक अक्षर शोधत बसले होते. वाकून, जीभ दातांत धरून. बऱ्याच वेळाने त्यांनी एक बटण ठामपणे दाबलं आणि चष्मा पुसायला घेतला.

तिने नोंद पुन्हा उघडली.

तिसरी ओळ: ‘बूट इतक्यात नकोत. अनवाणी लवकर शिकते. कळावे.’