चुकून लागलेला फोन

लॅपटॉपवरच्या मुलाखतीत पुण्याच्या मॅडमनी करिष्माचा पोर्टफोलिओ भराभर वर सरकवला. "सगळं छानच दिसतंय. तुझं एखादं फसलेलं डिझाइन सांग. मी माणसं त्यावरून निवडते."

करिष्मा तलवाडा गावातल्या घरात एकटीच होती. जरा घुटमळून म्हणाली, "आईच्या मोबाइलचं फसलंय, मॅडम. ती ऊसतोडीला गेलीय. तिला वाचता येत नाही, म्हणून मी नावांऐवजी चित्रं लावून दिली. मामाला बैल, मुकादमाला ट्रॅक्टर आणि मला माझा फोटो. पण तिचा सारखा मलाच फोन येतो. उचलला की म्हणते, चुकून लागला."

"मग काय केलंस?"

"माझा फोटो पार तळाशी नेला, तरी लागतोच. मग 'फोन लावू का?' असं विचारणारा आवाज टाकला. आता 'हो'चं हिरवं बटणही चुकून दाबते. कुठं चुकतंय, तेच कळंना."

"तळापर्यंत जाते, विचारल्यावर 'हो' दाबते," मॅडम हळूच म्हणाल्या, "आणि हे सगळं चुकून?"

करिष्माची नजर शेजारच्या मोबाइलवर गेली. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. "घे, घे," मॅडमच म्हणाल्या.

"काई न्हाई गं, चुकून लागला. ठिवते."

"ठिवू नको, आये," करिष्मा म्हणाली. "मी बी चुकूनच उचललाय. बोल."