मच्छरदाणीचा तुकडा

टाकीतले मासे सारखे उड्या मारून फरशीवर पडायचे. वर फळी ठेवली की उजेड अडायचा आणि आतली झाडं कुजायची. शेवटी वैतागून मी सासऱ्यांच्या मच्छरदाणीची लोंबती कड कापली आणि तो तुकडा इलॅस्टिक लावून टाकीवर ताणून बसवला.

"माझ्याच जाळीला कात्री लावायची होती का?" सासरे पलंगावरून कुरकुरले. अंथरुणाला खिळले होते, पण तोंड चालू होतं.

"बाबा, तुमची अजून गादीखाली नीट खोचता येतेय."

दुपारी एक मासा उसळला, जाळीवर आपटला आणि परत पाण्यात पडला. त्याच क्षणी पलंगावरची जाळी मधोमध उसळली. पंखा बंद होता.

"सूनबाई, जाळी कोण हलवतंय?"

मी हसण्यावारी नेलं.

संध्याकाळी मासे तळाशी गप्प बसले होते. तरीही टाकीवरची जाळी खालून हळूहळू वर उचलली जात होती. तिला पाच उंचवटे आले, बोटांएवढे.

मी पलंगाकडे पाहिलं. बाबा पंजा टेकवून आपली जाळी वर ढकलत होते.

"काढ ना गं ती," ते म्हणाले. "जीव घुसमटतोय."

मी टाकीवरचा तुकडा ओरबाडून काढला. लगेच एक मासा काठावरून बाहेर उसळला.

पडल्याचा आवाज मात्र माझ्या पाठीमागून आला. जड.

मी वळले. पलंगावरच्या जाळीच्या चारही कडा गादीखाली घट्ट खोचलेल्या होत्या. बाबा बाहेर फरशीवर पडले होते. त्यांचं तोंड नुसतं उघडत होतं, मिटत होतं.