इष्टमित्रांसह

लग्नाची पत्रिका छापायची तर आधी कचेरीचा शिक्का हवा, असा गोव्यात पोर्तुगीजांचा नियम. म्हणून मुलीच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन शाणू लोटलीकर कारकुनासमोर उभे होते.

"अभिनंदन," कारकून मिंगेल म्हणाला. "नव्या कायद्याने आपण आता वसाहत नाही. तुम्ही आणि लिस्बनचे लोक, हक्क अगदी सारखे."

शाणूंना ते पचेना. इतकं गोड बोलतोय, म्हणजे काहीतरी काढून घेणार.

मिंगेलने मजकूर दोनदा वाचला, लाल पेन्सिल उचलली आणि 'इष्टमित्रांसह' हा शब्द खोडला. "मित्र कशाला? उगाच जमाव होतो. सहकुटुंब चालेल."

शाणूंनी कागदाची सावकाश घडी घातली.

"वाईट वाटलं, मिंगेलबाब. लिस्बनच्या लग्नांतही मित्र नसतात म्हणायचे."